मुक्कामाची वही



यंदा १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आम्ही शिरूरला बहिणीकडे गेलो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री महार सैनिक असलेली पलटण याच शिरूरहून निघाली आणि रातोरात चालून सकाळी कोरेगावला पोहोचली. आम्ही तेवढाच रस्ता एस.टी.त बसून आलो, तरी कंबर धरली म्हणून कुरकुरत होतो!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दौंड गाठले. पहाटेच्या गाडीने सोलापूरला जायचे होते. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई, आमच्या सौभाग्यवती आणि पुण्यात कॉलेजला असलेला भाचा. थंडी कडाक्याची. आईला फलाटावर झोपवायला मन होईना, म्हणून स्टेशनाजवळच्या एका जुन्या लॉजवर गेलो.

लॉज मोठा गमतीचा! दगडी भिंती, पाय ठेवताच ओरडणारा लाकडी जिना. किल्लीला वीतभर लाकडी ठोकळा बांधलेला, गिऱ्हाइकाने चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून. खोलीला दारे दोन; दुसरे उघडले तर समोर भिंत. भिंतीवरचे घड्याळ बंद. मालगाडी गेली की खिडक्या आणि तांब्यावरचे फुलपात्र एकदमच वाजू लागत. आईने आधी खाट आपटून ढेकूण पाहिले, मगच चादर अंथरली.

पण खरी गोष्ट घडली ती त्याआधी, खाली मॅनेजरच्या टेबलावर. त्याने वही पुढे सरकवली. भाच्याने पेन घेतले. स्वतःचे नाव लिहिले, वडिलांचे लिहिले आणि थांबला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरे शिकलेली आई वहीत डोकावत होती. "पुढचं का नाही लिहिलंस?" तिने विचारले.

तो हळूच म्हणाला, "आजी, उगीच चौकश्या होतात. पुण्यात खोली बघायला गेलो की आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते. नंतर म्हणतात, कालच दिली."

आई जराशी गप्प राहिली. मग म्हणाली, "भाडं पुरं देतोस ना? मग नावपण पुरं लिही."

त्याने लिहिले. मॅनेजरने वाचले, किल्ली दिली आणि म्हणाला, "गरम पाणी पाचला मिळेल." बस्स, एवढेच.

रात्री आम्ही भाच्याला बडोद्याची हकीकत सांगितली. १९१७ साली परमपूज्य बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीस गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी सराईत दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले, पण वहीत पारशी नाव लावून. अडगळीने भरलेला, अंधारा मजला. सोबतीला दुसरे माणूस नाही. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन आली आणि त्यांना जागा सोडावी लागली. ते बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. एवढ्या विद्वान माणसाला छपरासाठी नाव लपवावे लागले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या धर्मशाळा आपल्याला खुल्या कराव्यात, हा बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली झाला. १९५० पासून घटनेचे पंधरावे कलम दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली ठेवते. १९५५ चा कायदा, जो आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, त्यात धर्मशाळा, सराई तर आहेच, पण वस्तीत राहण्याची जागाही आहे. अस्पृश्यता पाळून ती अडवणे हा गुन्हा आहे.

आमचा भाचा भित्रा नाही. त्याला अनुभवाने शिकवले आहे. अशा मुलांना रागावू नका. खोली पाहायला ती एकटी जाऊ नयेत, घरचे कोणी बरोबर जावे. कोण काय बोलले ते तारीख घालून लिहून ठेवावे. साक्षीदार असला तर तक्रारीला बळ येते. आणि नाव पुरे सांगावे. बाबासाहेबांना जे लपवावे लागले, ते आपल्या मुलांनी का लपवावे?

पहाटे निघताना मॅनेजरने पुन्हा वही पुढे केली, सहीसाठी. भाच्याने सही केली. आई चष्मा लावून पाहत होती. सही पुरी होती.