कर आमचा, टोमणाही आम्हांसच!

“शेतकरी कर भरीत नाही,” हा टोमणा पांढरपेशे लोक दरसाल मारतात. आम्ही विचारतो, तासगावचा द्राक्षबागाईतदार फवारणीच्या रासायनिक औषधावर शेकडा १८ आणि खतावर शेकडा ५ देतो, ते काय दान म्हणून? फाळ घडविणारा लोहारही पोलादावर शेकडा १८ भरतो. नोंदलेल्या व्यापाऱ्यास खरेदीवरील कराची वजावट मिळते. कुणब्यास व लहान कारागिरास ती नाही. २०२४-२५ साली वस्तू व सेवा कराची ढोबळ वसुली २२.०८ लाख कोटी रुपये झाली. तीत आमच्या घामाचा पैसा नाही काय?

हा कर १ जुलै २०१७ रोजी आला. शेतकऱ्याने आपला बेदाणा विकल्यास त्यावर कर नाही, हा खुलासा कर परिषदेने केला २१ डिसेंबर २०२४ रोजी! जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, तेव्हाचे दुखणे आजही तेच: कायदा त्यांचा, कागद त्यांचा, अंगठा मात्र आमचा.

बंधूभगिनींनो, पावती घेतल्यावाचून पैसा देऊ नका. मुलामुलींस हिशेब शिकवा. ज्याला हिशेब विचारता येतो, त्याला लुबाडणे सोपे नसते!