नोकरीची इंग्रजी आणि घरातली मराठी

दर वर्षी शाळाप्रवेशाचे दिवस आले की आमच्या कार्यालयात बाप्तिस्म्याचे दाखले मागण्यासाठी पालकांची रीघ लागते. दाखला लिहिता लिहिता आम्ही सहज विचारतो, "मराठी शाळा का नको?" उत्तर ठरलेले असते : "फादर, उद्या नोकरीला इंग्रजी लागेल ना!" आणि त्याच वेळी तीन वर्षांच्या बाळाला आई सांगत असते, "हँड्स फोल्ड कर, फादरना गुड मॉर्निंग म्हण."

नोकरीला इंग्रजी लागते, हे आम्हांस मान्य आहे. जहाजावर, इस्पितळात, आखातातील कंपनीत, मुंबईतील कचेरीत तिच्यावाचून चालत नाही. इंग्रजीला शिव्या दिल्याने मराठीचे भले होईल असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आमचा वाद आहे तो त्या उत्तरामागच्या हिशेबाशी. घरातून मराठी हद्दपार केली आणि मूल इंग्रजी माध्यमात घातले, की वीस वर्षांनी नोकरीची इंग्रजी आपोआप पदरात पडते, असा तो हिशेब आहे. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत आमची मुले मोजीत आहेत.

आमचाच अनुभव सांगतो. दहावीपर्यंत आम्ही मराठीतून शिकलो. सेमिनरीत सारे अध्यापन इंग्रजीतून. पहिले वर्ष जवळजवळ मौनव्रतातच गेले. पुढे तत्त्वज्ञान व ईशज्ञान इंग्रजीतून वाचू लागलो, परीक्षेचे निबंध लिहू लागलो आणि आता इंग्रजी आली, असे मनोमन ठरवून टाकले. गुरुदीक्षेनंतर पहिल्याच धर्मग्रामात न्यासाच्या खात्याविषयी बँकेला पत्र लिहिण्याची वेळ आली. आम्ही दोन पाने लिहिली. एका निवृत्त कारकुनांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "फादर, प्रवचन चांगले आहे, पण बँकेने करायचे काय, ते कुठे आहे?" मग त्यांनी चार ओळी लिहून दिल्या : विषय, खाते क्रमांक, मागणी, सोबतची कागदपत्रे. हे गृहस्थ मराठी शाळेत शिकलेले होते. त्यांच्या घरात इंग्रजी कधी बोलली गेली नव्हती. इंग्रजी येणे निराळे आणि कामाची इंग्रजी येणे निराळे, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

हा फरक केवळ पत्रापुरता नाही. तो माणसांच्या जिवावरही बेततो. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावरील विमानतळावर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. धुके होते, रेडिओवरील बोलणी एकमेकांत मिसळली, इतरही कारणे होती. परंतु डच वैमानिकाने इंग्रजीत उच्चारलेल्या 'आम्ही आता टेक-ऑफवर आहोत' अशा वाक्याचा अर्थ नियंत्रकाने 'उड्डाणासाठी थांबलो आहोत' असा घेतला. विमान तर धावू लागले होते. त्यानंतर नियम झाला : 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीशिवाय उच्चारावयाचा नाही. पुढे २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाचे एक विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले. ७३ जण दगावले. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचे सांगितले होते, 'प्रायॉरिटी' मागितली होती. मात्र 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नव्हता. त्यांना इंग्रजी येत नव्हती असे नव्हे. त्या घटकेला लागणारा त्या धंद्याचा शब्द तेवढा आला नाही.

अशा अनुभवांतून जग शहाणे झाले. मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वैमानिक व नियंत्रक यांना भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी गाठावी लागते. ज्याची मातृभाषाच इंग्रजी, त्यालाही परक्याला कळेल असेच बोलावे लागते. जहाजांसाठी २००१ साली ठरावीक वाक्यांचा एक संच आंतरराष्ट्रीय संघटनेने मंजूर केला. त्यात विचारणा असेल तर आधी 'क्वेश्चन' म्हणावयाचे, इशारा असेल तर 'वॉर्निंग'. दीडशे हा आकडा एक-पाच-शून्य असा सुटा उच्चारावयाचा. 'मे', 'शुड', 'कुड' असे दुहेरी अर्थाचे शब्द टाळावयाचे. परदेशी जाणाऱ्या आमच्या परिचारिका भगिनींना ठाऊक असलेली ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट हीदेखील अशीच. तीत रुग्णाच्या नोंदींवरून दुसऱ्या वैद्यकीय व्यक्तीस पत्र लिहावयाचे आणि रुग्णाची भूमिका करणाऱ्याशी परिचारिका म्हणून बोलावयाचे. लहानपणी पाठ केलेली इंग्रजी बालगीते तेथे कोणी विचारीत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कामाची इंग्रजी ही कोणाचीच मातृभाषा नाही. सुताराला रंधा जसा शिकावा लागतो, तशी ती जाणत्या वयात, कामाच्या निमित्ताने, सरावाने शिकावी लागते. परकी भाषा म्हणून शिकण्यात कमीपणाही नाही. १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू तिशीच्या उंबरठ्यावर गोव्यात उतरले. येथील लोकांत काम करावयाचे म्हणून ते येथील भाषा शिकले. आणि १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. त्यांना कोणी बालपणी मराठी माध्यमात घातले नव्हते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : "मुलाखतीत फाडफाड बोलणाऱ्यालाच नोकरी मिळते." हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु मुलाखत अर्ध्या तासाची, नोकरी तीस वर्षांची. कामाचा अहवाल, पाळी बदलताना द्यावयाची माहिती, साहेबाची सूचना नीट न कळल्यास पुन्हा विचारण्याची हिंमत, यांवर माणूस टिकतो. आणि ज्याला एका तरी भाषेत विचार सुसंगत मांडता येतो, त्यालाच तो दुसऱ्या भाषेत मांडता येतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : "तुम्ही धर्मगुरू स्वतः इंग्रजी शिकलात, इंग्रजी शाळा चालवता, आणि गरिबाला मराठीचा उपदेश करता!" हा आरोप आम्ही मान खाली घालून ऐकतो. मराठी तुकड्या ओस पडत असताना आम्हीही स्वस्थ बसलो. म्हणूनच आज नुसता उपदेश पुरेसा नाही.

काही महिन्यांपूर्वी एका आजीच्या अंत्यविधीत तिचा नातू चार शब्द बोलावयास उभा राहिला. शिक्षण सारे इंग्रजी माध्यमातले. आजीचा आणि त्याचा जीव एक. पण त्याला मराठीत वाक्य जुळेना, आणि इंग्रजीतही "शी वॉज व्हेरी नाइस" यापुढे जाता येईना. तो रडत खाली बसला. दोष त्याचा नव्हता. तेलही गेले, तूपही गेले, अशी त्याची अवस्था आम्ही मोठ्यांनी केली होती.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. आई-वडिलांनी घरात मराठी, आपली बोली असेल तर बोली, नि:संकोच बोलावी. मूल कोणत्याही माध्यमात असो, त्याला मराठी पुस्तक वाचून दाखवावे. आणि कामाच्या इंग्रजीसाठी धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडावे. जहाजावरून निवृत्त झालेले, इस्पितळात हयात घालवलेल्या भगिनी, कचेऱ्यांतले जुने कारकून, ही मंडळी प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांनी तरुणांना आपापल्या धंद्याची इंग्रजी शिकवावी : अर्ज, अहवाल, दूरध्वनी, तक्रार, दिलगिरी. अडेल तेथे मराठीतून समजवावे आणि चुकल्यास हसू नये. आमच्या दोन पानांना ते कारकून हसले नाहीत, म्हणूनच आम्ही शिकलो.

येत्या प्रवेशाच्या दिवसांत पालक दाखल्यासाठी येतील. दाखला आम्ही देऊच. शाळा निवडण्याचा हक्क त्यांचा आहे. परंतु सोबत एवढे विचारू : नोकरीची इंग्रजी शिकवण्याची वेळ वीस वर्षांनी येईल, तेव्हा आपण सारे मिळून शिकवू. आज रात्री बाळाला झोपवताना गोष्ट कोणत्या भाषेत सांगणार आहात?