परित्यक्ता आणि प्रसाद

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. शेतात राबायचे बाईने आणि सातबाऱ्यावर नाव मात्र पुरुषाचे. त्याने घराबाहेर काढले की तिच्या पायाखाली भूमी उरत नाही, या वास्तवाला तेथे वाचा फुटली. त्यानंतर दोन वर्षांतच, १९८८ साली, संगमनेरला परित्यक्ता परिषद झाली. नवऱ्याने टाकलेली बाई हा घराघरातला झाकून ठेवलेला विषय सार्वजनिक झाला. चांदवड आणि संगमनेर ही दोन्ही गावे ज्याच्या सीमेत येतात, तो कॅथलिक पंथीयांचा नाशिक धर्मप्रांत या दोन घटनांच्या मधल्या वर्षी, १९८७ मध्ये, स्थापन झाला. या धर्मप्रांतातील ख्रिस्ती परित्यक्तेपुढे जमीन आणि पोटगी यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न उभा असतो. तिला पुन्हा संसार थाटता येईल काय, आणि थाटलाच तर रविवारच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेता येईल काय?

कॅथलिक धर्मसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा विवाह हा संस्कार आहे आणि पतिपत्नीभावाने नांदू लागल्यावर तो मृत्यूवाचून तुटत नाही. देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, या येशूच्या वचनाचा तो अर्थ आहे, असे धर्मसभा मानते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या प्रबोधनपत्रात तिचा पुनरुच्चार केला. दिवाणी न्यायालयातून घटस्फोट घेऊन पुनर्विवाह करणाऱ्यांनी भाऊबहिणीप्रमाणे राहण्याचे व्रत घेतल्याखेरीज त्यांना ख्रिस्तप्रसाद देता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. हा प्रसाद ख्रिस्ताच्या अभंग निष्ठेचे चिन्ह आहे आणि मोडलेली निष्ठा घेऊन त्या चिन्हापाशी जाणे विसंगत ठरते, हा त्यामागचा युक्तिवाद. तो मान्य नसणाऱ्यांनीही त्याचे गांभीर्य ओळखले पाहिजे. लग्न हा सोयीचा करार नव्हे, असे आग्रहाने सांगणाऱ्या संस्था आज फार उरलेल्या नाहीत.

परंतु त्याच प्रबोधनपत्रातील दोन गोष्टी गावपातळीवर सहसा पोचत नाहीत. पहिली अशी की, जिला टाकण्यात आले, जिचा घटस्फोट झाला, पण जिने पुनर्विवाह केला नाही, तिला प्रसादाची मुळीच बंदी नाही. घटस्फोट म्हणजेच बहिष्कार हा समज निराधार आहे. तरीही त्या समजापायी एखादी बाई मागच्या बाकावर डोळे खाली घालून बसून राहिली, तर तो दोष तिचा नव्हे, तिला न सांगणाऱ्यांचा आहे. दुसरी गोष्ट अशी की, संसार मोडणारा आणि ज्याचा संसार मोडला गेला तो, यांत भेद करणे हे धर्मगुरूंचे कर्तव्य असल्याचे त्यात नमूद आहे. मात्र पुनर्विवाहानंतर प्रसादाचा नियम दोघांनाही सारखाच लावला गेला.

नियमाची खरी अडचण येथेच आहे. बायको टाकून दुसरीकडे राहणाऱ्या पुरुषाला प्रसादाची फिकीर बहुधा नसते. त्यामुळे बंदी त्याला बोचत नाही. ती बोचते श्रद्धा टिकवून धरणाऱ्या बाईला. पदरी मुले, माहेरी जागा नाही, मजुरीवर पोट भरत नाही, अशा अवस्थेत तिने कोणाचा आधार घेतला, तर शिक्षा मात्र नेमकी तिलाच होते.

देशाच्या कायद्यानेही तिला फार काळ साथ दिली नाही. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग किंवा तत्सम दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. केवळ टाकले म्हणून तिची सुटका होत नसे. हा विषमभाव मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि संसदेने २००१ मध्ये कायदा दुरुस्त केला. म्हणजे या अन्यायाने शंभरी ओलांडून वर तीस वर्षे काढली. आता अडचण वेगळी आहे. धर्मसभेच्या न्यायमंडळाने विवाह मुळातच अवैध होता असे घोषित केले, तरी सरकारदरबारी त्याला घटस्फोटाचे मोल नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. त्या निर्णयाच्या भरवशावर पुनर्विवाह केला तर द्विविवाहाचा गुन्हा. आणि केवळ दिवाणी हुकूमनाम्यावर केला तर प्रसादाला बंदी. बाईला दोन दरवाजे ठोठवावे लागतात आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी या कोंडीची दखल घेतली. २०१५ मध्ये त्यांनी विवाह अवैध ठरवण्याची प्रक्रिया सोपी केली. दोन न्यायमंडळांचे एकसारखे निर्णय लागण्याची अट काढली, उघड प्रकरणांत स्थानिक बिशपांनीच त्वरित निवाडा द्यावा अशी सोय केली आणि ही प्रक्रिया शक्यतो विनामूल्य असावी अशी अपेक्षा व्यक्त केली. जबरदस्तीने लावलेले लग्न, गंभीर बाब लपवून केलेली फसवणूक ही कारणे धर्मसभेच्या कायद्यात आहेतच. आणि ती ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. त्याच वर्षी कुटुंब या विषयावर भरलेल्या धर्मसंमेलनाचा अंतिम अहवाल तयार करणाऱ्या समितीत मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप ओस्वाल्ड ग्रेशस होते. २०१६ च्या प्रबोधनपत्रात पोपनी आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक प्रकरण वेगळे पारखावे, आणि काही प्रसंगी संस्कारांचे साहाय्यही देता येईल, असे त्यांनी सुचवले. हे वाक्य त्यांनी तळटीपेत घातले, आणि वादाचा भडका तेथूनच उडाला. चार कार्डिनलांनी जाहीर शंका उपस्थित केल्या. अपवादाला दार उघडले की नियमच वाहून जाईल, ही त्यांची भीती.

ती भीती अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. तथापि टाकणाऱ्याला आणि टाकलेलीला एकाच मापाने मोजल्याने विवाहाची प्रतिष्ठा वाढते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. विवाह अभंग आहे असे सांगणाऱ्या संस्थेने तो भंगणाऱ्याला आधी जाब विचारला पाहिजे. सिद्धांताला धक्का न लावताही बरेच करता येण्याजोगे आहे. प्रसादाची बंदी नेमकी कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे प्रवचनातून स्वच्छ मराठीत सांगावे. न्यायमंडळाकडे अर्ज कसा करायचा याची माहिती तालुक्याच्या गावी मिळावी, अर्ज लिहायला कोणी सोबत बसावे, आणि पैशावाचून कोणाचे प्रकरण अडू नये.

हिंदू समाजाने याकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. १९५५ च्या कायद्याने त्याला घटस्फोटाची सोय दिली. तरीही संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरवावी लागलीच. कायदा असो वा धर्माज्ञा, ती टाकलेल्या बाईच्या उंबरठ्यापर्यंत चालत जात नाही. कोणीतरी न्यावी लागते. चांदवडच्या बायांनी आपला प्रश्न स्वतः वेशीवर आणला होता. देवळाच्या मागच्या बाकावरील बाईने तेवढे धैर्य गोळा करेपर्यंत धर्मगुरूंनी थांबू नये. तिच्यापर्यंत त्यांनीच जावे.