लेकरांच्या वॉर्डात खेळ पोचवा : पोखर्णीकरांना तातडीचं आवाहन

मायबापहो, मृग तोंडावर आलाय. पाऊस लागला की जुलाब, ताप, डेंग्यू, न्यूमोनिया सुरू होतात आणि सरकारी दवाखान्यांतले लेकरांचे वॉर्ड भरून जातात. तिथं औषध मिळतं, सलाईन लागतं. खेळायला मात्र बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. ही उणीव आपल्याला भरून काढता येईल, पण ते काम पावसाआधीच व्हायला हवं.

चार वर्षांचं लेकरू डोळ्यांपुढं आणा. हातात सुई, ती हलू नये म्हणून खाली पुठ्ठा बांधलेला. सिस्टर दारात दिसली की ते किंचाळतं. आजी दटावते, "गप बस, नाहीतर आणखी एक सुई देतील." घरोघरी आपणच डॉक्टरचा बागुलबुवा करून ठेवलाय, तो आधी बंद करा. त्याच लेकराला एक बाहुली आणि बिनसुईची सिरिंज द्या. ते बाहुलीला टोचतं, तिच्यावर रागावतं, मग तिलाच समजावतं. पोटात दडलेली भीती अशी बाहेर येते. हाच क्रीडोपचार. सुई टोचताना भिरभिऱ्यावर फुंकर मारायला लावली की लक्ष तिकडं जातं, दुखणं कमी जाणवतं. न्यूमोनियातून उठणाऱ्या लेकराच्या छातीलाही या फुंकरीचा व्यायाम होतो.

हे श्रीमंत दवाखान्यांचे चोचले नव्हेत. तीव्र कुपोषित बालकांच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली पुस्तिका काढली, तिच्यात रोज १५ ते ३० मिनिटं ठरवून खेळ घ्यायला सांगितलंय. उपासमारीनं मलूल झालेलं लेकरू हसत नाही, वस्तूकडं हातही नेत नाही; नुसत्या दुधानं त्याचं वजन वाढेल, पण मन आणि बुद्धी उभारी धरायला कुणीतरी खेळावं लागतं. आपल्या केंद्र सरकारच्या २०११ च्या पोषण पुनर्वसन केंद्रांच्या नियमावलीतही खेळाला जागा आहे. म्हणजे नियम आहे, खेळणारी माणसं कमी आहेत.

आणि खर्च तरी किती? बाटलीत खडे घालून झाकण पक्कं बसवलं की खुळखुळा, रिकाम्या डब्याचा ढोल, धुतलेल्या झाकणांची ओवलेली माळ. बोर्डी गावात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून अशाच आजूबाजूच्या वस्तूंतून बालवाडी उभी केली. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या रुग्णालयात १९५५ साली आजारी मुलांसाठी खेळाचं काम सुरू करणाऱ्या एमा प्लँकही मूळच्या मॉन्टेसरी पद्धतीनं शिकवणाऱ्या बालशिक्षिकाच.

तेव्हा बचत गटाच्या बायांनो, धुता येतील अशा कापडी बाहुल्या शिवा. ज्याची बाहुली त्यानं घरी न्यायची, एकाची दुसऱ्याला नाही. सुतारांनो, गुळगुळीत घासलेली लाकडी गाडी करा, टोकदार कोपरा नको. आपल्या पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्यांनो, नातवाला भिरभिरं घेताना आणखी एक वॉर्डासाठी घ्या. निवृत्त गुरुजी, बाई, तुम्ही तर हवेच आहात. खेळणी टेबलावर ठेवून निघून जाण्यात अर्थ नाही, लेकराशेजारी बसणारं माणूस पाहिजे.

फुगे नकोत, घशात अडकतात. मणी, बटणं, छोट्या बॅटऱ्यांची खेळणीही नकोत. फरची जुनी अस्वलं घरीच ठेवा. वॉर्डात तीच चालतील जी साबणानं धुता येतात. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका. आणि फोटो काढू नका! पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फळवाटपात लेकरांचे पुरेसे फोटो निघून झालेत. मोठ्या आजारानं किंवा अपघातानं आतून हादरलेलं लेकरू दिसलं तर आपण शहाणपणा करू नये, सिस्टरला सांगावं. ते काम शिकलेल्या माणसाचं.

जमेल त्यानं या आठवड्यात ग्रामपंचायतीत नाव आणि आपला मोकळा वार लिहून द्यावा. दोघा-तिघांनी आधी परभणीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन वॉर्डाच्या डॉक्टरांची आणि सिस्टरांची परवानगी आणावी, त्यांना कोणती वेळ सोयीची ते विचारावं, मग त्याप्रमाणे पाळ्या लावाव्यात.