रोमान्स की रूम रेट?

स्टॉकहोम ठरलंय, हॉटेल नाही! नवऱ्याला गामला स्टानमध्येच राहायचंय. जुनं शहर, दगडी गल्ल्या, फुल रोमान्स. पण दोन वर्षं साठवलेले पैसे चार रात्रींत उडवायचे? मी म्हटलं, सेंट्रल स्टेशनजवळ बघू. तिथून गामला स्टान मेट्रोने एकच स्टॉप! तेही जुलैत. स्वीडिश ऑफिसं सुट्टीवर, त्यामुळे बिझनेस हॉटेलांचे रेट उतरतात. मात्र रूम फारच स्वस्त दिसली, तर खिडकी आहे ना, ते आधी बघा. तिथे बिनखिडकीच्या खोल्याही विकतात हो! ब्रेकफास्ट रेटमध्ये हवाच, बाहेरचं खाणं खिसा कापतं. आणि डबल बेडवर बहुतेकदा दोन वेगळ्या रजया असतात. हे ऐकून आमचे रोमिओ चक्क खूश. म्हणे, ‘‘मग स्टेशनजवळचं चालेल!’’