शंभर यार्डांच्या पलीकडे

तंबाखूविरोधी कायदे करण्यात महाराष्ट्र कधी मागे राहिला नाही. २००२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती पुन्हा आली. २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीलाही मनाई झाली. केंद्राचा २००३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तो विकणे, दोन्ही निषिद्ध ठरवतो. तरीही प्रश्न उरतोच : हे कायदे नेमक्या कोणत्या मुलाचे रक्षण करतात?

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी ही चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांची वसाहत. अशा वसाहतीत पाळी सुटली की पावले चहाच्या गाड्याकडे आणि शेजारच्या पानटपरीकडे वळतात. त्यांत सोळा-सतरा वर्षांचा पोरही असू शकतो. धोकादायक नसलेल्या कामावर १४ वर्षांपुढील मुलास ठेवण्याची कायद्याने मुभा आहे. शाळेच्या फाटकाभोवती निदान १०० यार्डांची रेघ आहे. शाळा सुटलेल्या या मुलाभोवती तीही नाही. त्याच्यासाठी उरते केवळ वयाची अट. गिऱ्हाईक सज्ञान असल्याची खात्री करण्याची जबाबदारी नियमांनी विक्रेत्यावरच टाकली आहे; पण पाटी टांगली की आपले कर्तव्य संपले, अशीच सार्वत्रिक समजूत दिसते.

शिक्षेचे गणितही विचित्र आहे. २००३ च्या कायद्यान्वये दंड फार तर २०० रुपये. उलट २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पहिल्याचा धाक नाही आणि दुसरा एका पुडीसाठी टपरीवाल्यावर लावताना कोणाचाही हात कचरेल. यांतला मध्यममार्ग परवान्याचा आहे. तंबाखू विक्रीसाठी स्थानिक संस्थेची परवानगी असावी आणि त्या दुकानात बिस्किटे-चॉकलेटे नसावीत, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना सुचवले होते. परवाना जाण्याची भीती असली, तर विक्रेता आपणहून वय विचारील.

सोलापुरात हजारो भगिनींची चूल विडीवर पेटते, याची जाणीव आम्हांस आहे. परंतु त्यांच्या भाकरीसाठी कोवळ्या पोरांनी गिऱ्हाईक व्हावे, असे त्या माउलीही म्हणणार नाहीत.

कायद्याच्या मर्यादा सांगून समाजाची सुटका मात्र होत नाही. कारखानदाराने आणि जॉबरने मनावर घेतले, तर फाटकासमोरच्या टपरीला समज देणे अवघड नाही. आणि सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांतूनही ‘जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये’ असे मुलास सांगितले जातेच ना? त्या क्षणी कायदा प्रथम मोडतो तो आपल्या उंबरठ्याच्या आत. पोलिसाला जाब विचारण्यापूर्वी ती पुडी आपली आपण आणू या.