विश्लेषण : विद्यार्थ्यांच्या लघुपटांसाठी ‘कान’चे दार कसे उघडते?

कान चित्रपट महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात २०२४ मध्ये पुण्याच्या एफटीआयआयमधील चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटाला पहिले पारितोषिक मिळाले. २०२० मध्ये याच संस्थेतील अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ने हा मान मिळवला होता. मोबाइलवर लघुपट करणाऱ्या वर्ध्यातील विद्यार्थ्यांनी या निवडींतून काय समजून घ्यावे?

स्पर्धा किती मोठी?

हा विभाग १९९८ मध्ये सुरू झाला. चित्रपट शिक्षणसंस्थेत शिकताना केलेला लघुपटच त्यासाठी पात्र ठरतो. २०२४ मध्ये ५५५ संस्थांमधून २,२६३ लघुपट आले आणि त्यातून १८ निवडले गेले. २०२५ मध्ये ६४६ संस्थांचे २,७०० लघुपट होते, निवड झाली १६ लघुपटांची. म्हणजे साधारण १७० लघुपटांमागे एक.

कोणत्या गोष्टी निवडल्या गेल्या?

नाईक हे एमबीबीएस डॉक्टर. एफटीआयआयच्या दूरचित्रवाणी विभागातील एक वर्षाच्या अभ्यासक्रमात त्यांनी १६ मिनिटांचा लघुपट केला. एक म्हातारी गावातला कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवत नाही, ही लोककथा त्यांनी घेतली. चित्रीकरण चार दिवसांत आटोपले. पायल कपाडिया यांचा २०१७ मध्ये निवडला गेलेला ‘आफ्टरनून क्लाउड्स’ १३ मिनिटांचा. त्यात साठीची एक विधवा आणि तिच्याकडे काम करणारी तरुणी. याच कपाडिया यांना २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत ‘ग्रां प्री’ मिळाला. विषय छोटा, भाषा आपली आणि माणसे ओळखीची असली, तरी जगाच्या स्पर्धेत टिकता येते, असे या निवडी सांगतात.

मग अडचण कुठे?

अडचण संस्थेची आहे. वर नाव आलेले तिन्ही लघुपट एफटीआयआयचे. २०२५ मध्ये निवडलेला ‘अ डॉल मेड अप ऑफ क्ले’ कोलकात्याच्या सत्यजित रे संस्थेतला. दोन्ही संस्था केंद्र सरकारच्या. कॅमेरा, ध्वनी आणि संकलनाची सोय, शिवाय शिकवणारे अनुभवी लोक तिथे एकाच आवारात मिळतात. एकट्या विद्यार्थ्याकडे चांगली गोष्ट असली, तरी हे सारे नसते आणि ‘ला सिनेफ’मध्ये त्याला थेट प्रवेशही नसतो.

जिल्ह्याच्या गावातून वाट निघते का?

निघते. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तेव्हाच्या अहमदनगरमधील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेताना केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आले. वर्ध्यात तर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चित्रपट आणि नाटकाचे शिक्षण दिले जाते. वायगावची हळद, कापसाचे जिनिंग, सेवाग्रामचा परिसर असे विषय दाराशी आहेत.

त्यामुळे ‘आमच्या मुलांचे लघुपट का निवडले जात नाहीत’ या प्रश्नाआधी महाविद्यालयांनी काही गोष्टी तपासायला हव्यात. विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रणाची साधने मिळतात का? लघुपटाला इंग्रजी उपशीर्षके असतात का? महोत्सवांच्या मुदती पाळून प्रवेशिका पाठवण्याची जबाबदारी एखाद्या प्राध्यापकाकडे आहे का? ही घडी बसवायला मोठा निधी लागत नाही. मात्र ती बसली नाही, तर जिल्ह्यातली चांगली गोष्टही मोबाइलमध्येच पडून राहील.